लिंबातात्यांची पायांची टोळी

पेढा सुरीनं कापायचा नसतो. सुरीला पेढा चिकटतो आणि ज्याचा तुकडा चिकटला त्याचा वाटा तेवढा कमी होतो. पेढा दोऱ्यानं कापायचा. पेढा ताटलीत ठेवायचा, दोऱ्याची दोन टोकं दोन चिमटीत ताणून धरायची, श्वास रोखायचा आणि दोरा खाली न्यायचा. दोऱ्याला लागलेला चुरा वाटणाऱ्याचा. बाकी तुकडे आधी इतरांनी उचलायचे आणि जो उरेल तो वाटणाऱ्यानं घ्यायचा, म्हणजे वाटणाऱ्याच्या हातून लबाडी होत नाही.

ही विद्या मला कॉलेजात मिळाली नाही. कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि बी.एस्सी. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं, त्यामुळं माझं पदवीचं प्रमाणपत्र देवाच्या फोटोशेजारी काच लावून टांगलंय आणि त्यात मला काही लाज वाटत नाही. पेढ्याची विद्या मात्र आमचे शेजारी लिंबाजी तात्या यांची. मी पास झाले तेव्हा बापानं गेवराईहून पेढे आणले. ते गल्लीला कसे पुरवायचे या विचारात आई उभी होती, तेवढ्यात तात्या दोरा घेऊनच दारात आले.

"आण हिकडं. कुणाचं तोंड कोरडं राहता कामा न्हाई."

पेढे वाटता वाटता ते प्रत्येकाला सांगत होते, "घ्या. आपल्या टोळीनं बी.एस्सी. केली."

मला राग आला. रात्र-रात्र मी जागले, सूक्ष्मदर्शकात डोळे मी फोडले आणि पदवी टोळीची? मी तसं तोंडावर म्हणालेसुद्धा. तात्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तुझा बाप तिकडं उसाच्या फडात असताना तुझी भाकरी कुणाच्या चुलीवर व्हायची? वाटा म्हंजी वाटा!" त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव टाकलं. मी त्यांच्यासाठी 'बीएस्सी' झाले.

आमचं गाव उमापूर आणि चकलांब्याच्या मधे. दसरा झाला की अर्धं गाव ऊस तोडायला जातं आणि उन्हाळ्यात परत येतं. तात्या उमेदीत असताना प्रत्येक हंगामाला जायचे. ते मुकादम नव्हते. मुकादम टोळी नेतो. तात्या टोळीत वाटायचे. टँकरचं पाणी, सरपण, बैलांना टाकायचं वाढं, एखाद्यानं पाठवलेली गुळाची ढेप, सगळं त्यांच्या हातून जायचं. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं आणि कुणाची काढून घ्यायची छाती नव्हती.

त्यांनी सावलीसुद्धा वाटली आहे. एका फडाच्या बांधाला एकच बाभळ होती आणि तिची सावली टोळीला पुरत नव्हती. दुपारी भाकरी खाताना तात्या मधेच टाळी वाजवायचे. टाळी वाजली की सावलीतल्यांनी ताट उचलून उन्हात जायचं आणि उन्हातल्यांनी सावलीत यायचं. आई सांगते, घास तोंडातच असायचा आणि माणसं सरकायची. मी तेव्हा तिच्या पोटात होते. कुणीतरी म्हणालं, "ही पोटुशी हाय, हिला तरी बसू द्या." तात्यांनी विचार केला आणि निकाल दिला, "तिचे दोन वाटे. दोन टाळ्या बसंल ती." म्हणजे माझ्या आयुष्यातला पहिला हिस्सा मला तात्यांनी दिला, मी जन्मायच्या आधी.

अशा माणसाबरोबर संसार करणं काय असतं ते कौसाकाकूंना विचारावं. त्यांनी नवं लुगडं नेसलं की गल्लीतली एखादी बाई हमखास म्हणणार, "कौसाबाई, जपा. तात्या अर्धं फाडून देतील." काकू म्हणायच्या, "मला कुणी घेईना म्हणून राहिले मी ह्यांच्याकडं, न्हाईतर मला बी वाटली असती."

मग तात्यांना साखर झाली. आमच्याकडं मधुमेह कुणी म्हणत नाही, साखर म्हणतात. निदान ऐकून तात्या दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि हसायलाच लागले. "जलमभर कारखान्याची साखर तोडली," ते म्हणाले, "आता तिनं मला धरलं. पर माझ्या वाट्याला इतकी कशी आली? गोळा करून वाटता येती का गं, बीएस्सी?"

"नाही येत."

"मंग असली कसली साखर!"

पेढ्याचा दोरा चाटायची मनाई झाली. तात्या पेढा कापू लागले की कौसाकाकू शेजारी उभ्या राहायच्या आणि शेवटचा तुकडा पडला की दोरा त्यांच्या हातातून ओढून घ्यायच्या.

साखर झालेल्याच्या पायाला जखम झालेली कळत नाही. तात्यांच्या चपलेत खडा होता आणि ते दोन दिवस त्या खड्यावरून चालत होते. तळव्याला भोक पडलं, ते चिघळलं आणि त्यातले जंतू कुठल्याच औषधाला जुमानेनात. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पायाचा फोटो काढला, रक्त काढलं आणि सांगितलं, अजून थोडे दिवस बघू, नाहीतर पाऊल घोट्यापासून काढावं लागेल.

घरी परतल्यावर आमच्या दारापाशी जीपमधून उतरताना तात्या म्हणाले, "बसून वाटे करता येतील. पर उठून द्यायला कोण जाईल?"

याच सुमाराला मला नोकरी लागली होती. न भरणाऱ्या जखमांवर नवं औषध तपासून बघणारं एक संशोधन आमच्या भागात सुरू झालं होतं आणि त्यांना गावात फिरणारं, विज्ञान शिकलेलं आणि इथली बोली बोलणारं माणूस हवं होतं. मी अर्जात लिहिलं होतं, 'मला तिन्ही येतात.' संशोधनाच्या प्रमुख डॉक्टर मॅडम मुलाखतीत हसल्या आणि मला घेतलं.

मॅडम गावात आल्या तेव्हा बैठक तात्यांच्याच ओट्यावर भरली, कारण पायांनी अधू झालेली आणखी तीन माणसं त्याच गल्लीत होती. त्यांतल्या एक सखूआत्या आणि एक बापूराव. ते तात्यांचे फडातले जोडीदार आणि जन्माचे भांडखोर.

मॅडमनी समजावलं की हे नवं औषध म्हणजे जेल, एक चिकट मलम, आणि त्यात एक प्रकारचे विषाणू आहेत. ते माणसाला काही करत नाहीत, ठरावीक जंतूंना गाठतात आणि फोडतात. जिथं जंतू फार, तिथंच हे विषाणू सापडतात, म्हणून शास्त्रज्ञ ते नाल्याच्या पाण्यातून शोधून काढतात.

बापूराव ताठ झाले. "म्हंजी गटार लावायची पायाला? मंग तुमी इतक्या लांबून कशाला आलात? आमच्या दारातच वाहायलीय की."

"गटाराचं पाणी लावलंत तर पाय जाईल," मॅडम म्हणाल्या. "आम्ही त्यातला एकच विषाणू निवडतो, वेगळा करतो, धुऊन शुद्ध करतो, तपासतो."

"गप बे बापू," तात्या म्हणाले. ते विचारात होते. "मला कळलं. जंतू म्हंजी ऊस. हे विषाणू म्हंजी टोळी. टोळी फडात शिरली की ऊस तोडती, फड खाली झाला की गावाकडं जाती. वस्तीला राहात न्हाई. बरोबर का?"

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. मी तीन वर्षं शिकले, पण मला असं सांगता आलं नसतं. "जवळजवळ बरोबर," मॅडम म्हणाल्या. "फक्त ही टोळी तोडता तोडता वाढते. एकाचे शंभर होतात."

"वाढती?" तात्यांचे डोळे चमकले. "विरजणावानी?"

"हो, तसंच समजा."

मॅडम हे सहज बोलून गेल्या. पण आमच्याकडं विरजण ही साधी गोष्ट नाही. शेजारीण वाटी घेऊन विरजण मागायला आली तर भांडण असलं तरी नाही म्हणत नाहीत, कारण दिल्यानं आपलं कमी होत नाही. तात्यांच्या डोक्यात ते तिथंच रुजलं असणार. तेव्हा आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

पुढचं मॅडमनी दोनदा सांगितलं. प्रत्येकाला एक नळी मिळेल. काहींच्या नळीत नवं जेल असेल, काहींच्या नळीत नेहमीचं. दिसायला दोन्ही सारखी. कुणाला कुठलं हे मलाही ठाऊक नसेल आणि मॅडमनाही. संगणक चिठ्ठ्या टाकतो. मलमपट्टी, गोळ्या, तपासणी सगळ्यांना एकसारखी. आपली नळी आपणच वापरायची. सगळ्यांनी मान डोलावली, सह्या केल्या, अंगठे दिले.

मॅडमची गाडी वळणावर गेली आणि गावानं दोन्ही नळ्यांची बारशी करून टाकली. नवी ती 'खरी' आणि नेहमीची ती 'फुसकी'. मी घसा बसेपर्यंत सांगितलं की खरं-खोटं काही नाही, नवीन चांगलं आहे का हेच अजून कळायचंय. बापूराव म्हणाले, "व्हय व्हय. आन् मला फुसकीच लागणार. माझं नशीबच फुसकं हाय."

पहिला आठवडा मी घरोघर फिरून पट्ट्या कशा बदलायच्या ते शिकवलं. दुसरा आठवडाही तसाच गेला. त्यानंतर एके दुपारी बघते तर काय, चारही जण तात्यांच्या ओट्यावर. भिंतीला टेकून ओळीनं बसलेले, पाय समोर उशांवर आणि तात्या मधोमध.

"ही काय बैठक?"

"टोळी," तात्या म्हणाले. "एकट्यानं पट्टी बांधली की कुणी आळस करतो, कुणी इसरतो. सगळ्यांनी मिळून बांधायची. हात आधी साबणानं. तूच शिकवलंस की."

मला इतका आनंद झाला की विचारू नका. इतर गावांतले माझे जोडीदार रडत होते, पेशंट पट्टी बदलत नाहीत, शेतात निघून जातात. आणि आमच्या गावात चारही पाय रोज स्वच्छ. बापूरावांनी एक दिवस दांडी मारली तर तात्यांनी ओट्यावरून हाळी दिली, "ए बापू, पाय घेऊन ये बे! का पायाला धाडू आणायला?" मी मॅडमना मोठ्या तोऱ्यात कळवलं की आमच्या गावची शिस्त सगळ्यांत चांगली. मॅडमनी बाकीच्या गावांना सांगितलं, सुनंदाच्या गावाकडून शिका.

दर आठवड्याला मी प्रत्येक जखमेवरून कापसाच्या काडीनं नमुना घ्यायची आणि तपासणीला पाठवायची. एके सकाळी मॅडमचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"सुनंदा, तुमच्या गावात काय चाललंय?"

"सगळं छान चाललंय, मॅडम."

"फारच छान चाललंय. चारही जणांच्या जखमेत आपले विषाणू सापडलेत. नवं जेल चौघांपैकी सगळ्यांना दिलेलं नाही, एवढंच मला तपासणाऱ्यांनी कळवलंय."

मी तशीच तात्यांच्या ओट्यावर गेले. टोळी बसलेली होती. मधे कौसाकाकूंची स्टीलची वाटी, उकळून पुसलेली. तात्यांनी चारही नळ्या तिच्यात पिळल्या होत्या आणि उकळलेल्या चमच्यानं ते जेल एकजीव करत होते. मग त्यांनी चमच्याच्या दांड्यानं वाटीत आडवी-उभी रेघ मारली. चार वाटे झाले. पेढ्यासारखे.

"तात्या! हे काय करायलात?"

"वाटा," तात्या म्हणाले. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता.

"रोज?"

"न्हाई, दिसाआड," बापूराव मधे पडले. "बाई, तू त्यांच्यावर नगं वरडू. त्यांची नळी फुसकी निघाली. लई वंगाळ वाटत व्हतं त्यांना. आमाला म्हणले, जरा जरा तुमच्यातलं द्या रे. आता फडात ह्या माणसानं आमाला सावली दिलती. न्हाई कसं म्हणावं? दिली आमी."

सखूआत्याही मान हलवत होत्या. त्या चौथीला असताना शाळा सोडून फडात गेल्या होत्या आणि आता त्यांच्या टाचेला जखम होती. "मी बी दिलं बाई. पुण्य लागंल."

मी तात्यांकडं बघितलं. ते वाटीत बघत होते.

"लाज वाटत नाही?" मी म्हणाले. "लोकांचं औषध मागून घेता?"

"विरजण गं," तात्या हळू म्हणाले. "दिल्यानं कमी होत न्हाई. मॅडमच म्हणल्या की, वाढतं."

"जंतू असले तर वाढतं! जखमेत वाढतं. वाटीत कुठं जंतू आहेत? वाटीत फक्त पातळ होतं. आणि एकाच्या नळीचं तोंड दुसऱ्याच्या औषधाला लागलं तर एकाचे जंतू सगळ्यांना!"

"वाटी उकळून घेतली व्हती," कौसाकाकू आतून म्हणाल्या. त्यांचा आवाज मला विचित्र वाटला, पण मी तेव्हा कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

दोन दिवसांनी मॅडम आल्या. मला वाटलं, नोकरी गेली. मॅडम ओरडल्या नाहीत. आधी त्यांनी चारही जखमा नीट बघितल्या, नंतर ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तात्या, समजा तुम्हाला नवं बियाणं मिळालं. चांगलं की वाईट, ठाऊक नाही. काय कराल?"

"एका तुकड्यात नवं पेरीन. शेजारच्या तुकड्यात जुनं. मंग बघीन."

"आणि पेरायच्या आधी कुणी दोन्ही पोती एकत्र केली तर?"

बापूराव काहीतरी म्हणायला गेले, तर तात्यांनी हात वर केला. मग ते म्हणाले, "मंग म्या तुमचा फड जाळला म्हणा की."

"अख्खा नाही. एक कोपरा."

"त्या कोपऱ्यावरनं जे कळणार व्हतं, ते किती जणांच्या कामी आलं असतं?"

तात्यांनी स्वतःच हिशेब केला असणार, कारण त्यांनी पटका काढला आणि मांडीवर ठेवला. मी त्यांना पटका काढून बसलेलं पहिल्यांदाच बघत होते. "म्या चार जणांत वाटलं," ते म्हणाले, "आन् सगळ्या मुलखाचा वाटा मारला. मला येवढं ध्यानात यायला पायजे व्हतं."

मॅडमनी वरच्या समितीला सगळं जसंच्या तसं कळवलं. समितीनं ठरवलं की आमच्या चौघांची तुलना आता होऊ शकत नाही, त्यांना मोजणीतून वगळायचं. पण विषाणू चौघांच्या जखमेत पोचलेच आहेत आणि कुणाला त्रास झालेला नाही. तेव्हा त्यांना इथून पुढं देखरेखीखाली नवंच जेल द्यायचं, प्रत्येकाला स्वतंत्र, नाव घालून. माझी नोकरी राहिली. मॅडमनी फक्त एवढंच सांगितलं की यापुढं कुठल्याही गावाची शिस्त फार चांगली दिसली तर आधी वाटी शोधायची.

आणि तात्या? तात्या उलटे फिरले. संशोधनात उमापूरचे नवे लोक घ्यायचे होते, तर तात्या काठी टेकत, मऊ, जाड तळाची खास चप्पल घालून, बाजारच्या दिवशी माझ्याबरोबर जीपमध्ये बसले. तिथल्या बैठकीत मी बोलायला उभी राहिले, तर त्यांनी मला खाली बसवलं.

"ऐका. ज्याची नळी त्याचाच पाय. नवरा-बायकू असली तरी न्हाई द्यायची. भाऊ असला तरी न्हाई. रडून मागितली तरी न्हाई! हितं वाटा केला की पाप लागतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "तात्या, तुमी हे सांगायलात? तुमी तर सावली वाटणारे."

"म्हणूनच सांगायलो," तात्या म्हणाले. "मला वाटायचं येड हाय. मला ठावं हाय त्यात कुठं घोटाळा व्हतो." मग म्हणाले, "ह्यातनं जे कळंल ते सगळ्यांत वाटायचं हाय. आत्ताच नळी फोडून खाऊ नगा."

उमापूरचं काम चोख झालं. तिथं एका बाईनं जावेला चिमूटभर जेल दिल्याचा नुसता संशय आला, तर तात्यांनी तिच्या घरी जाऊन तिला असं काही सुनावलं की ती मला भेटून म्हणाली, ताई, तुम्ही या, पण त्या म्हाताऱ्याला आणू नका.

आमच्या गल्लीतले पाय सावकाश भरत गेले. सखूआत्यांची टाच सगळ्यांत आधी. बापूरावांची जखम अजून बोटभर आहे, पण कोरडी आहे आणि तिच्यावर त्यांची बडबड चालू असते. तात्यांच्या तळव्यावर गुलाबी कातडी धरली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, आता पाऊल काढायचं काही कारण नाही. औषधानं की रोजच्या पट्टीनं की दोन्हींनी, ते आमच्या गावावरून सांगता येणार नाही. ते बाकीच्या गावांवरून कळेल. मॅडम म्हणतात, लक्षणं चांगली आहेत. मॅडम जपून बोलणाऱ्या आहेत, त्यांच्या तोंडी हे पुष्कळ झालं.

मोजणीतून वगळलेल्यांच्या चिठ्ठ्या उघडतात. मॅडमनी मला आमच्या चौघांच्या सांगितल्या. बापूरावांची नळी नेहमीच्या जेलची. सखूआत्यांची तीच. तिसऱ्याचीही तीच. सगळ्या गल्लीत नवं जेल फक्त एकाच नळीत होतं.

तात्यांच्या.

मी घरी आले आणि जुने फोटो काढून बसले. दर आठवड्याला मीच काढलेले. पहिल्या दोन आठवड्यांत तात्यांची जखम झरझर आकसत गेलेली दिसत होती, बाकीच्यांची होती तशीच. मग टोळी बसली. त्यानंतर तात्यांची जखम रेंगाळली आणि बाकीच्यांच्या हलायला लागल्या. सगळं माझ्याच फोटोत होतं.

कौसाकाकू दळण निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढं बसले. "काकू, तात्यांना ठाऊक होतं?"

काकूंनी सूप खाली ठेवलं.

"वास गेलता," त्या म्हणाल्या. "त्या पायाला लई वास येत व्हता. मी बोलत नव्हते, पर पांघरूण अलग केलतं. दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी वासच न्हाई. ह्यांनी पाय हुंगला, आन् मला म्हणले, कौसे, मला खरी लागली. मी देवाला दिवा लावला. आन् हे बापूच्या घरी गेले. परत आले ते तोंड पाडून. म्हणले, बापूचा वास तसाच हाय."

"मग?"

"मंग काय. मी पाया पडले. म्हणलं, पाय तुमचा हाय का गावाचा? आधी आपला भरू द्या. तर वाटी उकळ म्हणले." त्यांनी पुन्हा सूप उचललं. "माझी खरी हाय असं म्हणलं असतं तर बापूनं घेतलीच नसती. लई ताठ्याचा हाय तो. म्हणून फुसकी म्हणले. मागणारा झाले."

तात्या अंगणात चप्पल घालत होते. मी तिथं गेले आणि सरळ विचारलं. मला आडवळणानं बोलता येत नाही.

"तात्या, तुमची नळी खरी होती. तुम्हाला कळलं होतं. पाऊल गेलं असतं तर?"

"तुला बीएस्सीला कळलं न्हाई, मला कसं कळंल?"

"तात्या."

त्यांनी चपलेचा पट्टा ओढला, सैल केला, पुन्हा ओढला. आत खडा नाही ना हे हात घालून बघितलं, मी शिकवलंय तसं.

"चूक झाली ती झाली," ते म्हणाले. "मॅडमचं खरं हाय. पुन्यांदा न्हाई करणार. पर तू सांग, माझा एकट्याचा पाय बरा झाला असता, आन् बापूचा गेला असता, सखूचा गेला असता, तर त्या पायानं मी जाणार कुठं व्हतो? कुणाच्या घरी?"

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. काठी उचलली आणि ते निघाले, बरं झालेलं पाऊल आधी टेकवून बघत, मग त्याच्यावर भार देत. बापूरावांच्या दारापुढं थांबले.

"बापू, उठ बे. पाय दाखव."

आतून बापूराव ओरडले, "काल तर बघितला!"

"आज आजचा बघायचा," तात्या म्हणाले आणि उंबरा ओलांडून आत गेले.